प्रश्नाचा कॅट

९ मार्च १९५२

आज ठरवलं. पत्त्यांच्या पेशन्सचे नियम मराठीत लिहून काढायचे आणि हंबीररावांच्या तोंडावर मारायचे.

हंबीरराव म्हणजे आमचे राजारामपुरीतले शेजारी, दरबारच्या पागेकडचे पेन्शनर. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, आणि हा माणूस रिकामा होऊन माझ्या व्हरांड्यात येऊन बसला. त्यांचा वेळ जाईना म्हणून मी दया येऊन पेशन्स शिकवला. तर आज डाव अडल्यावर त्यांनी खुशाल एका पालथ्या पत्त्याचं टोक उचललं आणि खाली डोकावून बघितलं. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणतात, "त्यात काय झालं राव? आपणच आपल्याशी खेळतोय, कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणे. जन्म घोड्यांत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची? एकट्यानं खेळायच्या डावात लबाडी करणारा माणूस उद्या स्वतःच्याच खिशात हात घालून चोरी करील आणि वर पोलिसात वर्दी देईल.

माझे नियम शुद्ध आहेत. रेसिडेन्सीत हेडक्लार्क होतो तेव्हा साहेबासमोर उभं राहून शिकलो. साहेब अवघड प्रकरण आलं की दार लावून पेशन्स लावायचा. लागला तर मंजूर, अडला तर नामंजूर. बाहेर लोक म्हणायचे, साहेब किती विचार करून निकाल देतो. मी एकटाच जाणत होतो, आणि कधी बोललो नाही.

११ मार्च

सकाळी लिहायला बसलो. सात ओळी मांडायच्या. पहिलीत एक पत्ता, दुसरीत दोन, असं करत सातवीत सात. प्रत्येक ओळीतला शेवटचा पत्ता तेवढा उघडा, बाकी पालथे. हातात चोवीस उरतात. ते मोजत बसायची गरज नाही. ओळी बरोबर मांडल्या की चोवीसच उरणार; हे अंकगणित आहे, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ओळीत उतरती लावायची, काळ्यावर लाल आणि लालवर काळा. एक्का निघाला की वर ठेवायचा आणि त्याच्यावर त्याच जातीची चढती लावायची: बदामच्या एक्क्यावर बदामचीच दुर्री, मग तिर्री, थेट राजापर्यंत. एखादी ओळ रिकामी झाली तर तिथं फक्त राजाला जागा. हंबीरराव तिथं गुलाम ठेवतात. दरबारचं मीठ खाऊन एवढंसुद्धा कळलं नाही.

हातातले पत्ते एकेक उघडत एकदाच फिरवायचे. चारही जाती वर गेल्या की पेशन्स लागला. नाही गेल्या तर अडला, आणि अडला की संपला. पत्ते गोळा करायचे, पिसायचे, डब्यात टाकायचे. पालथे राहिलेले पत्ते उलटून बघायचे नाहीत. हा शेवटचा नियम साहेबाचा नाही, माझा आहे. काय राहून गेलं ते हुडकत बसणं हे रडतराऊंचं काम.

श्यामलेला, म्हणजे आमच्या मुलीला, पहिलं स्थळ आलं तेव्हा हेच सगळं मी बायकोला समजावून सांगितलं होतं. तासभर घसा कोरडा केला. बाळाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर "मग खाली कुठला पत्ता राहिला त्ये कुणालाच कळत न्हाई व्हय?" म्हटलं, नाही. "आणि तुम्ही मोजतबी न्हाईसा?" म्हटलं, नाही. "बरं हाय की. मी जातो, दूध उतू जाईल," म्हणाली आणि गेली. कोल्हापूरच्या बायका "मी जातो, मी येतो" म्हणतात. लग्नापासून सुधारायला बघतोय, हात टेकले. आणि जिला आपण जातो की जाते हे कळत नाही तिला इस्पिक आणि किलवर काय शिकवणार.

१६ मार्च

हंबीररावांनी नियम वाचले. म्हणाले, अक्षर झकास आहे.

जाता जाता त्यांनी खोचक विचारलं, "त्या प्रश्नाच्या कॅटाचं लिहिलं न्हाईसा?" म्हणजे सगळ्या गल्लीत बोभाटा झालाय. होऊ दे. मला लपवायचं काही नाही.

रोजचा पत्त्यांचा कॅट वेगळा आणि प्रश्नाचा वेगळा. साहेब विलायतेला गेला तेव्हा जाताना त्याचा नवा कॅट मला देऊन गेला. तो मी कपाटात पितळी डब्यात ठेवतो आणि श्यामलेच्या लग्नाचा प्रश्न आला तरच काढतो. लोक यासाठी ज्योतिषाकडे जातात. तो मंगळ दाखवतो, शनी दाखवतो, दक्षिणा घेतो आणि दोन्हीकडून बोलतो. पत्ता दोन्हीकडून बोलत नाही. मी स्वतः निकाल दिला असता तर नातेवाईक म्हणाले असते, बापानं हे नाकारलं, बापानं ते अडवलं. पत्त्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही.

निपाणीचा तंबाखूवाला आला, अडला. सांगलीचा वकील आला, अडला. गडहिंग्लजचा बिजवर, बेळगावचा इंजिनिअर, सगळे अडले. मध्यंतरी पोरगी बी.ए. झाली आणि शाळेत शिकवायलाही लागली. एक चमत्कारिक गोष्ट आहे, या कॅटात चौकट कधी उठतच नाही. एक्का वर जातो आणि तिथंच एकटा बसून राहतो. इस्पिक चढतं, बदाम चढतं, चौकट नाही. काही पत्ते जात्याच नतद्रष्ट असतात.

डाव अडला की त्या दिवशी मला जेवण जरा जास्तच जातं, असं बाळाबाईचं म्हणणं. बायकांना दुसऱ्याच्या ताटात बघायची सवयच असते. श्यामला रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवते. माझे डोळे ठीक आहेत, पण तिच्यासारखा पेपर कुणी वाचत नाही. मंत्र्याचं भाषण अशा आवाजात वाचते की त्याची खिल्ली उडवायचं माझं अर्धं काम तिथंच होतं.

३० मार्च

वडगावचं स्थळ. हंबीररावच घेऊन आले. मुलगा वसंत, पेठ वडगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो; शिकला श्यामलेच्याच कॉलेजात. बाप आकाराम, शेती आणि गुऱ्हाळ. म्हणजे मुलगा बेडूक फाडणार आणि बाप ऊस चिरडणार. मी म्हटलं, बघू.

श्यामला शेजारी पेपर वाचत होती. ती कापसाच्या भावाची बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मी म्हटलं, "हे वाचलंस की आत्ताच." म्हणाली, "हो का?" शाळेतली पोरं हिची डोकेफोड करतात, त्याचा परिणाम.

६ एप्रिल

मंडळी येऊन गेली. आकाराम फेटा बांधून, पायात करकरणाऱ्या वहाणा. खुर्ची दिली तर म्हणाले, "पावणं, आमी खालीच बरं," आणि सतरंजीवर असे ऐसपैस बसले की घर त्यांचं आणि पाहुणा मी. मुलगा खुर्चीवर, कान लाल. मी त्याला शास्त्रातलं काहीतरी विचारावं म्हणून विचारलं, "वीज आधी दिसते की गडगडाट आधी ऐकू येतो?" तर शहाणा म्हणतो, "आमच्या वर्गात आधी मी गडगडतो, मग पोरं झोपेतून उठतात. वीज काही दिसत नाही." आकाराम खदखदून हसले. आत स्वयंपाकघरातही कुणीतरी हसलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

श्यामला नेहमी पाहुण्यांसमोर तोंड पाडून येते आणि पोहे आदळून जाते. आज पोहे स्वतः केले, त्यात मीठ जास्त. कपबशा दोनदा विसळल्या. वसंतला विचारलं, "लिंबू हवं का?" लिंबू मी नको म्हणून सांगितलं होतं. तिनं तरी आणलं. आणि गंमत म्हणजे न विचारताच तिनं त्याच्या चहात साखर कमी घातली, आणि त्याला कमीच लागते म्हणे. योगायोग असतात.

मंडळी गेल्यावर श्यामला व्हरांड्यात माझ्या समोर उभी राहिली. "आण्णा," म्हणाली. म्हटलं, "बोल." म्हणाली, "काही नाही." पुढं बोलायचंच नव्हतं तर हाक कशाला मारायची?

१० एप्रिल

अजून पेशन्स लावला नाही. डोकं दुखतंय. काल बोट कापलं होतं. परवा हंबीरराव होते. असल्या गोष्टी निवांत मनानं करायच्या असतात.

बाळाबाई वाढताना म्हणाली, "लावा की एकदाचा." हिला कधीपासून पत्त्यांची घाई? म्हटलं, "तुला काय त्यातलं कळतं?" म्हणाली, "मला काय कळणार," आणि भाकरी ताटात जरा जोरात ठेवली.

१३ एप्रिल

सकाळी आंघोळ करून बसलो. प्रश्नाचा कॅट काढला, पिसला, प्रश्न मनात धरला: वडगावला द्यायची का? सात ओळी मांडल्या.

असा डाव आयुष्यात पडला नव्हता. पहिल्याच हाताला इस्पिकचा एक्का. चौथी ओळ बघता बघता रिकामी, तिथं बदामचा राजा गेला. एकेक पालथा पत्ता उघडत गेला. श्यामला पेपर घेऊन समोर बसली होती पण वाचत नव्हती. बाळाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. हातातले पत्ते संपले. पालथा एकसुद्धा राहिला नाही. सगळा कॅट माझ्यासमोर उताणा, राजापासून उतरत्या ओळी, एखाद्या शिस्तीच्या शाळेसारख्या. आणि चौकटचा एक्का वर एकटा.

मी दुर्री शोधली. पहिल्यांदा वरवर, मग बोट ठेवून. चौकटची तिर्री होती, चव्वी होती. दुर्री नव्हती. टेबलाखाली नव्हती, डब्यात नव्हती. तेव्हा मी मोजले. एक्कावन्न.

श्यामला विचारत होती, "लागला का आण्णा? अडला का?" मी म्हटलं, "गप्प बस." इतक्या मोठ्यानं म्हणालो नव्हतो तिला कधी. वाईट वाटलं.

१४ एप्रिल

हंबीररावांकडे गेलो. सरळ विचारलं, "माझी दुर्री कुठं आहे?" ते दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "नृसिंहराव, मी पालथा पत्ता बघतो, मान्य. पण बघून परत ठेवतो. पागेत काय उचललं न्हाई, तुमच्या डब्यात काय उचलू? आणि उचललंच असतं तर राजा उचलला असता, दुर्री कशाला?"

म्हणजे दुर्रीची किंमतही या माणसाला ठाऊक नाही. एक्क्यानंतर दुर्रीच लागते. ती नसली की पुढचे सगळे खोळंबतात. डाव अडवायचा तर याहून पक्का पत्ता नाही. हे सगळं त्यांना पटवून देऊन मी उठलो आणि वाटेत लक्षात आलं, की एवढी अक्कल असती तर हा माणूस पागेत राहिला नसता. त्यांनी घेतलेली नाही. उंदरानं नेली असणार. नाहीतर साहेबानंच अपुरा कॅट माझ्या गळ्यात मारला. इंग्रज जाताना काय काय टाकून गेले, त्यातलंच हे एक.

१७ एप्रिल

तीन दिवस विचार केला. अपुऱ्या कॅटावर दिलेले निकाल कायद्यानं टिकत नाहीत. सगळे रद्द. महाद्वार रोडवरून नवीन कॅट आणला, दुकानातच उभं राहून मोजला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, सीलबंद आहे." म्हटलं, सीलबंद म्हणूनच मोजतोय.

आता सगळी प्रकरणं पुन्हा चालवायची, आणि आलेल्या क्रमानं. वडगाव शेवटी आलं, ते शेवटी. आधी निपाणी. त्या तंबाखूवाल्याचं अजून कुठं जमलेलं नाही असं ऐकतो. त्याचा पेशन्स लागला तर वडगावचा प्रश्नच उरत नाही. हे रात्री जेवताना सांगितलं. श्यामला ताटावरून उठली. म्हटलं, "अन्नाचा अपमान करू नये." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. बाळाबाई माझ्याकडे बघत राहिली. भात वाढायचा विसरली.

१८ एप्रिल

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी नवा कॅट पिसत होतो. बाळाबाई आली आणि पत्त्यांवर एक पत्ता ठेवला. चौकटची दुर्री. जुनी, साहेबाच्या कॅटातली. मसाल्याच्या डब्यात होती म्हणे. तिला हिंगाचा वास येत होता.

"मी काढून ठेवला," म्हणाली. "निपाणीवाला आला तवापासनं."

मी विचारलं, दुर्रीच का? म्हणाली, "तुम्हीच सांगितलं न्हवतं व्हय, एक्क्यावर दुर्री लागतीया म्हणून? राजा काढला असता तर तुमच्या डोळ्यात आला असता. दुर्रीकडं कोण बघतंय?"

मी म्हटलं, तू मला फसवलंस. इतकी वर्षं एकाच घरात बसून फसवलंस.

"व्हय," म्हणाली. "त्या निपाणीवाल्याच्या आईनं पोरीला पहिलं काय विचारलं, तर कॉलेज सोडणार का. पोरीचा चेहरा कसा झाला त्यो मी बघितला. तुम्ही तवा पानाचा डबा आणायला उठला होतासा. मी काय सांगायला आलो असतो तर म्हणाला असता, तुला काय कळतंय. म्हणून म्हटलं, बी.ए. होईतवर दुर्री माझ्याकडं राहू दे. मग ती पडूनच राहिली. आता तुम्ही त्या हंबीररावांवर आळ घेतला, माझ्या जीवाला लागलं. आणि काल निपाणी काढलीसा."

मला एकच मुद्दा सापडला आणि तो मी धरला. म्हटलं, "बरं. पण तिला वडगाव पाहिजे होतं, हे तुला ठाऊक होतं. मग या खेपेला दुर्री परत का ठेवली नाहीस? लागला असता की."

बाळाबाईनं पदराला हात पुसले. म्हणाली, "ठेवून काय करायचं? न्हाई म्हणायला पत्ते चालत्यात. व्हय म्हणायला बाप लागतो."

मी यावर तोडीस तोड काहीतरी बोललो असणार. काय ते आता आठवत नाही.

१९ एप्रिल

बोललो नाही दिवसभर. बाळाबाईही बोलली नाही, पण ती कामात होती, मला काम नव्हतं.

संतापाचा भाग असा, की तिनं मला हरवलं ते माझ्याच नियमांनी. पालथे पत्ते बघायचे नाहीत, मोजायचे नाहीत. हंबीररावांसारखा एकदा डोकावलो असतो तर पहिल्याच खेपेला कळलं असतं. माझ्या सरळपणाचा असा उपयोग घरातच व्हावा?

आणखी एक लिहून टाकतो. श्यामला इथून जायला मला नको आहे. निपाणी नको, सांगली नको, वडगाव तर मुळीच नको. सकाळी पेपर उघडल्यावर ती पहिल्यांदा मथळ्यावरून बोट फिरवते आणि माझ्याकडे बघून हसते, आज कुणाची धुलाई करायची म्हणून. ते गेलं की माझ्याकडे काही नाही. डाव अडला की मला जेवण जातं, हे बाळाबाईनं बरोबर बघितलं होतं.

२० एप्रिल

श्यामला पेपर घेऊन आली. डोळे सुजलेले, पण आली. मी म्हटलं, "राहू दे तो. तुला वडगावला जायचं आहे का?"

तिनं पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "तुम्ही मला विचारताय?"

"मग काय हंबीररावांना विचारू?"

"हो, आण्णा," म्हणाली. "जायचंय." आणि मग, "तुम्ही एकटे पडाल."

मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, जगात शहाणी माणसं एकटीच असतात. ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मला अशा वेळी काय करायचं ते येत नाही. मी पेपर उघडला आणि तिला कापसाचा भाव वाचून दाखवला.

२७ एप्रिल

वडगावला जाऊन आलो. बस म्हणजे शिक्षा आहे. माझ्या मांडीवर एका बाईनं कोंबडी ठेवली आणि उतरताना "लई उपकार झालं" म्हणाली. आकारामांचं घर बाजाराच्या मागं, अंगणात गुळाच्या काहिली, त्या भल्यामोठ्या कढया, पालथ्या घातलेल्या. या खेपेला त्यांनी मला खुर्ची दिली. मी खाली बसलो. बरंच ताणून बसावं लागलं, गुडघा बोलतो.

चहा झाला. वसंत दारात उभा, कान लाल. आकाराम म्हणाले, "बोला पावणं. पत्रिका बघितलीसा?"

"नाही."

"मग कुणाला विचारलंसा?"

"मुलीला. तिचं हो आहे."

आकारामांनी मान डोलावली. पानाचा डबा पुढं केला, चुना लावला, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ते बेस झालं. आणि तुमचं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आजवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही, मी विचारू दिला नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाहेर कुणीतरी बैलाला ओरडत होतं. मी म्हणालो, "माझंही हो आहे." आवाज असा काही फुटला, की आतून त्यांची बायको कुणी न सांगता तांब्या भरून घेऊन आली.